वळचणीच्या फळीचा रंग दर पावसाळ्यात का सुटतो

बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर या भागांतील कौलारू घरांत एक तक्रार वर्षानुवर्षे ऐकू येते. दिवाळीला रंगवून घेतलेली वळचणीची फळी पुढच्या गणपतीपर्यंत पोपडे धरते, खालच्या कडेला काळी पडते आणि जोडांपाशी उघडे लाकूड दिसू लागते. मग रंगाची कंपनी बदलली जाते, रंगारी बदलला जातो, एका हाताऐवजी तीन हात मारले जातात, आणि तरीही पुढच्या वर्षी तीच फळी त्याच जागी सोलून निघते. माझ्या मते अशा दहापैकी आठ घरांत रंगाचा काहीच दोष नसतो. पाणी फळीत मागून, वरून किंवा कापलेल्या टोकांतून शिरते आणि ऊन पडल्यावर समोरच्या बाजूने बाहेर पडू पाहते. वाटेत रंगाचा थर आडवा येतो, म्हणून तो सुटतो. त्यामुळे समोरची बाजू कितीही चांगली रंगवली तरी मूळ कारण जसेच्या तसे राहते.

येथे ज्या फळीचा विचार करायचा आहे ती म्हणजे पाख्याच्या, म्हणजे छपराच्या उताराच्या, खालच्या टोकाला, वाशांची तोंडे झाकण्यासाठी आडवी ठोकलेली लांब फळी. तिलाच पन्हळीच्या आकड्या मारलेल्या असतात. घराच्या बाजूच्या त्रिकोणी भिंतीवर कौलांच्या कडेने तिरकी जाणारी फळी आणि वाशांच्या खालून मारलेले फळ्यांचे छत यांनाही हेच नियम लागू पडतात. मंगळुरात बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढल्यानंतर ही खाचेची चपटी कौले हळूहळू घाटमाथ्यापर्यंत पोहोचली. नळीच्या कौलांच्या जुन्या घरांत वळचण बहुधा उघडीच असे, वाशांची टोके पावसात भिजत आणि वाऱ्याने वाळतही. समोर फळी आली तेव्हा घर नीटस दिसू लागले, बेळगावच्या कॅम्पातील बंगल्यांवर तर तिला नक्षीही आली, पण फळीच्या मागे वारा न फिरणारी एक बंद पोकळी तयार झाली. रंग सुटण्याच्या निम्म्या कारणांचा उगम त्या पोकळीत आहे.

आपल्या बेळगाव जिल्ह्यात पाऊसमान इतके बदलते की एका गावाचा अनुभव दुसऱ्या गावाला लागू करताना सावध राहावे. बेळगाव शहरात वर्षाला साधारण सव्वा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, जांबोटी ओलांडून कणकुंबीकडे गेल्यावर तो तीन हजारांच्याही वर जातो, तर पूर्वेला अथणीकडे पाचशे-सहाशेच्या घरातच राहतो. अथणीच्या फळीचा शत्रू ऊन आहे, तर कणकुंबीच्या फळीचा शत्रू सतत टिकून राहणारी ओल आहे. बेळगाव आणि खानापूर ही गावे या दोन टोकांच्या मध्ये सापडतात, म्हणजे चार महिने ओल आणि मार्च ते मे कडक ऊन, आणि रंगाच्या दृष्टीने हेच सर्वांत त्रासाचे असते, कारण फळी वर्षातून एकदा पूर्ण फुगते आणि एकदा पूर्ण आकसते.

रंग कोठून सुटू लागला ते आधी पाहावे

खरवडायला सुरुवात करण्यापूर्वी शिडी लावून फळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहावी आणि सुटलेल्या जागांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत, कारण एकदा पोपडे निघाले की पुरावा नाहीसा होतो. त्याहून चांगला उपाय म्हणजे आषाढातल्या एखाद्या भर पावसाच्या दिवशी छत्री आणि विजेरी घेऊन वळचणीखाली दहा मिनिटे उभे राहणे. पाणी कौलाच्या टोकावरून पन्हळीत सरळ पडते, की कौलाच्या पोटाला चिकटून मागे वळते आणि फळीच्या डोक्यावर उतरते, हे त्या दहा मिनिटांत जितके स्पष्ट दिसते तितके कोरड्या दिवसांत कोणीही सांगू शकत नाही.

फळीच्या वरच्या कडेने सलग पट्टा सुटला असेल तर कौलांची शेवटची ओळ पुरेशी बाहेर आलेली नाही किंवा पन्हळ मागच्या बाजूने उतू जाते आहे असे समजावे. कौलाचे टोक फळीच्या पुढे साधारण दोन इंच, म्हणजे पन्हळीच्या मध्याच्या जरा अलीकडे, आलेले असावे. त्याहून कमी असेल तर थेंब फळीवर ओघळतो आणि फार जास्त असेल तर जोराच्या पावसात पाणी पन्हळ ओलांडून अंगणात पडते. पन्हळ उतू जाण्याचे कारण बहुतेक वेळा पाचोळा असतो, पण काही घरांत पन्हळीला उतारच दिलेला नसतो किंवा मधल्या आकड्या सैल होऊन ती मध्येच खाली झुकलेली असते. दर मीटरला तीन ते पाच मिलिमीटर उतार पुरतो. पाण्याचा तांब्या एका टोकाला ओतून पाहिले की पाणी कोठे थांबते ते कळते.

संपूर्ण फळी चांगली असून एखाद्याच वाशापाशी रंग सुटला असेल तर वर नजर टाकावी. तेथे बहुधा एखादे कौल फुटलेले किंवा सरकलेले सापडते. खानापूर तालुक्यात आणि बेळगावच्या पश्चिमेकडील गावांत हे काम वानरे करतात. छपरावरून एक टोळी गेली की दोन-चार कौले जागची हलतात, पाणी रिपेवरून (कौलांखालच्या लाकडी पट्टीवरून) वाशावर आणि वाशावरून घसरत थेट फळीच्या पाठीवर येते. घरात गळती दिसत नाही म्हणून कोणाचे लक्ष जात नाही, फळी मात्र आतून कुजत राहते.

दोन फळ्यांच्या जोडापाशी आणि कोपऱ्यांवर रंग सुटत असेल तर कारण जवळजवळ ठरलेलेच आहे. लाकूड कापलेल्या टोकातून जितके पाणी पिते तितके सपाट पृष्ठातून कधीच पीत नाही, कारण झाडात पाणी वर नेणाऱ्या नळ्या तेथे उघड्या पडलेल्या असतात. सुतार फळी कापून ठोकतो, रंगारी समोरून रंगवतो, आणि जोडाच्या आतली दोन्ही टोके कोरी राहतात. खिळ्यांभोवती तांबूस डाग आणि गोल पोपडे दिसत असतील तर साधे लोखंडी खिळे गंजले आहेत. गंज फुगतो, रंगाला वर उचलतो आणि पाण्याला वाट करून देतो. आकाशकंदील टांगण्यासाठी दरवर्षी नवीन ठिकाणी ठोकलेला खिळाही यातच मोजावा. दिवाळी झाली की खिळा उपटला जातो आणि भोक तसेच राहते. त्यापेक्षा पितळेचा एक आकडा कायमचा बसवलेला बरा.

रंग केवळ खालच्या कडेला सुटत असेल तर थेंब तेथे लोंबकळत राहतो असे समजावे. धारदार काटकोनी कडेवर रंगाचा थर आपोआप पातळ होतो आणि नेमके पाणी तेथेच सर्वांत जास्त वेळ थांबते.

यानंतर सुटलेल्या रंगाची जात पाहावी. एखादा फोड ब्लेडने कापला आणि आत उघडे लाकूड दिसले, तर ओल लाकडातून आली आहे. आत जुन्या रंगाचा थर शाबूत दिसला, तर वरचा हात तापलेल्या पृष्ठावर मारला गेला होता किंवा जुन्या चकचकीत रंगावर घासकाम न करताच मारला गेला होता. पहिल्या प्रकारात पाण्याचा बंदोबस्त करावा लागतो, दुसऱ्यात फक्त पॉलिश पेपर हाती घ्यावा लागतो. हा फरक न कळल्यामुळे कित्येक घरांत चांगल्या फळ्या उगाच बदलल्या गेल्या आहेत आणि कुजलेल्या फळ्यांवर रंगाचे डबे रिकामे झाले आहेत. जेथे रंग वरवर चांगला दिसतो तेथे ब्लेडने फुलीच्या आकाराची चीर पाडून त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबावी आणि झटक्याने ओढावी. रंग पट्टीबरोबर निघून आला तर त्यावर नवीन हात मारण्यात अर्थ नाही, कारण नवीन रंग जुन्यालाच चिकटेल आणि दोघे मिळून पडतील.

पांढऱ्या किंवा फिकट रंगावरचे काळे ठिपके धूळ आहेत की बुरशी, हे घरगुती ब्लीच पाण्यात मिसळून त्याचा एक थेंब टाकल्यास कळते. ठिपका काही मिनिटांत फिका पडला तर ती बुरशी आहे आणि ती धुऊन मारल्याशिवाय वर रंग लावू नये. हे ब्लीच संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. हात फिरवल्यावर पांढरी भुकटी हाताला लागत असेल आणि हे दक्षिण किंवा पश्चिम अंगालाच होत असेल, तर तो उन्हाचा परिणाम आहे आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

शेवटी दाभण घेऊन फळीची खालची कड, जोड आणि पन्हळीच्या आकड्यांच्या जागा टोचून पाहाव्यात. चांगल्या लाकडात दाभण जेमतेम रुतते, कुजलेल्यात लोण्यासारखे आत जाते. फळीच्या खालच्या अंगाला करंगळी जाईल एवढे गोल, स्वच्छ भोक आणि त्याखाली जमिनीवर पिवळसर भुसा दिसला तर ते भुंग्याचे काम आहे, वाळवीचे नव्हे. वाळवी मातीची नळी करून येते. भुंगा उघडे, न रंगवलेले लाकूड पसंत करतो आणि म्हणून बहुधा फळीच्या त्या बाजूने शिरतो जिला कधी ब्रश लागलेला नसतो.

कोरी राहिलेली पाठ

फळीची मागची बाजू कोरी राहते, ही गोष्ट अधिक विस्ताराने सांगणे आवश्यक वाटते, कारण दुरुस्तीच्या वेळी सर्वांत जास्त टाळाटाळ येथेच होते. लाकूड हवेतली आर्द्रता घेते आणि सोडते. आपल्याकडे मे महिन्यात ते बऱ्यापैकी कोरडे असते आणि श्रावणात, पाण्याचा थेंबही न लागता, नुसत्या हवेनेच ओलावते. आठ इंच रुंदीची फळी या दोन टोकांच्या दरम्यान दोन ते चार मिलिमीटरनी रुंदावते व आकसते, लांबीत मात्र तिच्यात जवळजवळ फरक पडत नाही. समोरून रंगाचे तीन थर आणि मागून काहीच नाही अशी फळी एका बाजूने ओल घेते आणि दुसऱ्या बाजूने अडवते. ती वाकते, तिचे जोड उघडतात, आणि उघडलेल्या जोडातून पाणी शिरते. मागून घेतलेली ओल चार वाजताच्या उन्हात समोरच्या दिशेने येते आणि रंगाखाली फोड उठवते.

लाकडातल्या ओलाव्याचे प्रमाण वीस टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिले की कुजवणाऱ्या बुरशीला अनुकूल परिस्थिती होऊ लागते, आणि रंगकामासाठी ते पंधरा टक्क्यांच्या आत असावे असा संकेत आहे. दोन सुयांचे ओलावा मोजण्याचे यंत्र हार्डवेअरच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळते. ते नसेल तर रात्री उघड्या लाकडावर प्लास्टिकचा हातभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून लावावा आणि दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर पाहावे. आतून दव धरले असेल तर लाकूड अजून ओले आहे.

खानापूरकडे पावसाची झड अडवण्यासाठी सोप्याच्या किंवा पडवीच्या समोर ताडपत्री बांधतात, ती थेट वळचणीच्या फळीला खिळ्यांनी मारलेली असते. भिंत आणि ओटा कोरडा राहतो, ही तिची उपयुक्तता मान्य आहे, पण फळी त्या प्लास्टिकमागे चार महिने घुसमटते. ताडपत्रीसाठी फळीपासून वीतभर आत वाशांना स्वतंत्र बांबू बांधला आणि ताडपत्री त्याला अडकवली, तर दोन्ही कामे होतात.

दिवाळीच्या आधी रंगवू नये

हे वाक्य अनेकांना पटणार नाही. दसरा-दिवाळी आली की घर उजळावे ही रीत जुनी आहे, रंगारीही त्याच दिवसांत मिळतात, आणि भिंतींच्या बाबतीत थोडीफार ओल निभावून जाते. वळचणीच्या फळीच्या बाबतीत मात्र वर्षातली ही सर्वांत चुकीची वेळ आहे. सप्टेंबरअखेर लाकूड वर्षातले सर्वांत ओले असते, ऑक्टोबरात परतीचा पाऊस अधूनमधून झोडपून जातो, आणि वरून कोरडी दिसणारी फळी आत ओलीच असते. त्या ओलीवर प्राइमर (रंगाखालचा पहिला थर) आणि रंगाचे झाकण बसते. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात ती ओल बाहेर येते तेव्हा फोड धरतात, आणि घरमालक म्हणतो की रंग तीन महिन्यांतच गेला.

संक्रांत ते गुढीपाडवा हा काळ योग्य आहे. कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत थांबावे, निपाणी-चिकोडीकडे जानेवारीतच हात घालता येतो. एप्रिलमध्ये वळवाच्या सरी सुरू होतात, त्या संध्याकाळी येतात आणि दुपारी मारलेला हात धुऊन नेतात. दिवाळीला घर स्वच्छ दिसावे एवढाच हेतू असेल तर फळी साबणाच्या पाण्याने धुऊन घ्यावी. निम्मा काळेपणा तेवढ्यानेच जातो.

जानेवारीतही एक अडचण आहे. बेळगावात सकाळी धुके आणि दव असते, फळीचा वरचा पापुद्रा दहा-अकरापर्यंत ओलसर असतो, आणि संध्याकाळी पुन्हा दव पडू लागते. म्हणून अकरानंतर सुरुवात करावी, साडेतीन-चारला ब्रश ठेवावा, आणि दिवसभर सावलीच्या मागे फिरत राहावे, म्हणजे सकाळी पश्चिमेची बाजू आणि दुपारनंतर पूर्वेची. हात लावला असता चटका बसेल इतक्या तापलेल्या फळीवर रंग लावला तर वरची साय आधी वाळते आणि आतला द्रव अडकतो.

दुरुस्ती

शिडी पन्हळीवर टेकवू नये, ती भिंतीवर टेकवावी, आणि चार फूट उंचीला एक फूट या प्रमाणात पायथा बाहेर घ्यावा. अनेक घरांत हेस्कॉमची (वीज कंपनीची) सर्व्हिस वायर वळचणीपाशीच आत येते. तिच्या जवळपास काम करायचे असेल तर वीज बंद करून घ्यावी, ओल्या फळीवर आणि लोखंडी शिडीवर नशिबाची परीक्षा घेऊ नये. गांधीलमाशीचे पोळे आहे का, हेही चढण्याआधी खालून पाहून घ्यावे.

घर जुने असेल आणि रंगाचे अनेक थर असतील तर त्यांत शिसे असण्याची शक्यता धरूनच चालावे. भारतात घरगुती रंगांतील शिशावर ९० भाग प्रति दशलक्ष ही मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या तेलरंगांबद्दल, विशेषतः पिवळ्या, तांबड्या आणि हिरव्या छटांबद्दल, खात्री देता येत नाही. असा रंग ब्लो लॅम्पने जाळू नये आणि कोरडा घासू नये. पाणी शिंपडून खरवडावा, तोंडाला चांगला मास्क लावावा, खाली प्लास्टिक अंथरून सर्व पोपडे गोळा करावेत आणि लहान मुलांना व कोंबड्यांना दिवसभर त्या बाजूला येऊ देऊ नये.

शक्य असेल तेथे फळी उतरवूनच काम करावे. पन्हळ काढावी लागते, एक दिवस जास्त जातो, मजुरी वाढते, आणि म्हणूनच रंगारी याला तयार नसतो. तरीही पाठ, वरची कड आणि टोके रंगवण्याचा दुसरा मार्ग नाही. कुजलेला भाग चांगल्या लाकडात वीतभर आत जाऊन कापून टाकावा. नवीन तुकडा जोडताना कापणी सरळ नव्हे तर तिरकी घ्यावी, म्हणजे जोड आकसला तरी आरपार फट पडत नाही, आणि जोड नेहमी वाशाच्या तोंडावर यावा, अधांतरी नव्हे. पुट्टी भरून कुजका भाग लपवण्याचा प्रकार सर्रास चालतो. भिंतीची पांढरी पुट्टी लाकडावर एक पावसाळा टिकत नाही.

नवीन फळी घेताना वखारीत चौकशी करावी लागते. जुना साग सर्वांत चांगला, पण तो तेलकट असल्यामुळे प्राइमरआधी थिनरच्या फडक्याने पुसून त्याच दिवशी पहिला हात द्यावा. मत्ती, म्हणजे ऐन, स्वस्त आणि दणकट असते, मात्र ती उन्हात भेगाळते आणि फिकट रंगातून तिचा तपकिरी डाग वर येतो. मत्तीला ॲल्युमिनियम प्राइमर लावून गडद रंग दिला तर तक्रार राहत नाही. कोणतेही लाकूड असो, वखारीतून आणलेली फळी छपराखाली, खाली रिपा देऊन, महिनाभर ठेवावी.

फळीची खालची कड रंध्याने किंचित मागे उतरती करावी, समोरची धार पॉलिश पेपरने गोल करावी, आणि सुताराकडून खालच्या अंगाला पुढच्या कडेपासून बोटभर आत एक उथळ खाच काढून घ्यावी. थेंब त्या खाचेपाशी तुटून पडतो आणि मागे सरकत नाही. या एका खाचेने जो फरक पडतो तो महागड्या रंगाने पडत नाही. बसवताना लोखंडी खिळ्यांऐवजी स्टेनलेस स्टीलचे किंवा जस्तलेपित स्क्रू वापरावेत, आधी बारीक भोक पाडून घ्यावे, आणि शक्य असेल तर प्रत्येक वाशापाशी फळी आणि वाशाचे तोंड यांच्यामध्ये पाव इंच जाडीचा तुकडा द्यावा, म्हणजे पाठीमागे वारा फिरतो. त्या फटीतून चिमण्या किंवा वटवाघळे आत जाऊ नयेत यासाठी वरून बारीक जाळी लावता येते.

एक अडचण स्वतंत्रपणे नोंदवावीशी वाटते. वाळवीसाठी वाशांना आणि फळ्यांना गॅरेजमधले जळके ऑइल किंवा काजूच्या टरफलाचे तेल लावण्याची पद्धत आपल्याकडे आणि चंदगडच्या बाजूला आहे. उघड्या वाशांसाठी तिच्याबद्दल मतभेद होऊ शकतात, पण अशा फळीवर नंतर रंग बसत नाही. जळके ऑइल कधीच वाळत नाही, आणि काजूतेलाचा काळपट डाग रंगातून वर येत राहतो. फळीला हे पूर्वी लावले असेल तर ती रंगवण्याचा हट्ट सोडावा किंवा फळी बदलावी. वाळवी आणि बुरशी यांच्यासाठी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचे पाण्यातले द्रावण उघड्या लाकडाला लावता येते. ते पाण्याने धुऊन जाते, म्हणून पूर्ण वाळल्यावर त्यावर प्राइमर आणि रंग हवेतच.

प्राइमर आणि रंग

खरवडून उघडे पडलेले लाकूड आठवडाभराहून जास्त उन्हात ठेवू नये. उन्हातील अतिनील किरणांनी त्याचा वरचा थर राखाडी आणि भुसभुशीत होतो आणि प्राइमर त्या मेलेल्या थराला चिकटतो. तसे झाले असेल तर पुन्हा घासून ताजे लाकूड काढावे. प्राइमरचा पहिला हात टोकांना द्यावा, तो मुरला की टोकांना दुसरा द्यावा, मग पाठ, मग कडा आणि सर्वांत शेवटी समोरची बाजू. भोके व भेगा लाकडाच्या पुट्टीने प्राइमरनंतर भराव्यात. कोऱ्या लाकडात भरलेल्या पुट्टीतील तेल लाकूडच पिऊन टाकते आणि पुट्टी गळून पडते.

वरच्या हातासाठी आपल्याकडे अजूनही चकचकीत सिंथेटिक एनॅमल मागितले जाते. ते पहिल्या वर्षी सुंदर दिसते, परंतु जसजसे जुने होते तसतसे कडक होत जाते आणि फुगणाऱ्या-आकसणाऱ्या लाकडाबरोबर ताणले जात नाही. बाहेरच्या लाकडासाठी असलेले पाण्याचे ॲक्रिलिक एनॅमल अधिक लवचिक राहते आणि आतली थोडी वाफ बाहेर जाऊ देते. बेळगाव-खानापूरच्या पट्ट्यात मी तेच सुचवीन. जुना तेलरंग घट्ट असेल आणि त्यावर ॲक्रिलिक द्यायचे असेल तर चकाकी पूर्ण जाईपर्यंत घासून मधला प्राइमर द्यावा. भिंतीचे एक्स्टिरिअर इमल्शन उरले आहे म्हणून ते फळीला थेट फासू नये. दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा केव्हाही बरे, आणि डब्यावर लिहिलेला वाळण्याचा वेळ कोरड्या हवेचा असतो, आपल्याकडे त्यात निम्म्याने भर घालावी.

ज्यांना रंग नको, लाकूडच दिसायला हवे, त्यांच्यासाठी जवसाच्या उकळलेल्या तेलाचा पर्याय आहे. ते दरवर्षी लावावे लागते, पण सोलत नाही. तेलाने भिजलेल्या चिंध्या मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. त्या आपोआप तापून पेट घेतात, म्हणून पाण्यात बुडवून किंवा अंगणात एकेक पसरून वाळवाव्यात.

स्लॅबवर गळतीसाठी पत्र्याचे छप्पर घालून त्याच्या कडेला सिमेंट-फायबरच्या पट्ट्या मारलेली घरे आता शहरात बरीच आहेत. त्या पट्ट्या कुजत नाहीत, परंतु त्यांची कापलेली कड पाणी ओढते आणि त्यांतील अल्क (सिमेंटचा क्षार) तेलरंग खातो, म्हणून अल्कविरोधी प्राइमर आणि ॲक्रिलिक रंग एवढे पाळले की पुरते. पीव्हीसीच्या पट्ट्यांना रंगाची गरज नसते, काळा रंग तर त्यांना देऊच नये, उन्हात तापून त्या वाकतात.

देखभालीचे काम थोडे असते. मृगाआधी घर शाकारले जाते त्याच दिवशी शाकारणाऱ्याकडून वळचणीची शेवटची ओळ नीट बसवून घ्यावी, पन्हळ उपसावी, आणि छपरावर टेकलेल्या फांद्या छाटाव्यात. कौलांवरून चालताना त्याने फळीवर पाय देऊ नये एवढे सांगावे. पावसाळ्यात एकदा, जोराची सर चालू असताना, वर पाहावे. जानेवारीत फळी धुऊन, जोड आणि खालची कड तपासून, जेथे केसाएवढी चीर दिसेल तेथेच घासून प्राइमर आणि रंगाचा ठिपका द्यावा, त्यासाठी पूर्ण फळी रंगवण्याची गरज नसते. थर जितके वाढतात तितका रंग जड आणि ठिसूळ होतो, म्हणून चांगल्या रंगावर दरवर्षी नवा हात चढवणे हेदेखील सोलण्याचे एक कारण आहे. उरलेल्या रंगाचा डबा घट्ट बंद करून त्याच्या झाकणावर छटेचा क्रमांक, वर्ष आणि तो घराच्या कोणत्या बाजूला लावला हे लिहून ठेवावे, कारण चार वर्षांनी दुकानदार पहिला प्रश्न तोच विचारतो.